अक्काची जागा कुणी सांगितली

बसू, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मला ते पहिल्यांदा खोटंच वाटलं. तुझ्या स्टुडिओशेजारचा झेरॉक्सवाला बोलत होता. "पावणं, बसूअण्णा गेलं. दुपारी अल्बम लावत बसलेले, तितंच मान टाकली." मी विचारलं, "कुठं गेला?" दोन वर्षं मी शिवाजी पेठेत पाऊल टाकलं नव्हतं आणि मला तिथं ओढून आणायला तू काहीतरी सोंग काढलंयस, अशी मला शंका आली. झेरॉक्सवाला रडायला लागला, तरी मी म्हटलं, जरा थांब, खात्री करतो.

मी कागलला कंपनीत होतो. शिफ्ट सुटायला तास होता. तो तास मी पुरा केला बसू, टॉर्च मारून कास्टिंगमधली, म्हणजे ओतीव लोखंडातली, भोकं शोधत. माझा धंदाच तो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मालावर विश्वास ठेवायचा नाही, उजेड टाकून आत बघायचं, शंका आली की लाल खूण करायची. तू मला इन्स्पेक्टर म्हणायचास ते काही कौतुकानं नव्हे. त्या तासात मी सतरा नग बाद केले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं त्यातले अकरा पास केले.

रुद्रभूमीत तुला समाधीच्या खड्ड्यात बसवलं, कपाळाला विभूती लावली, जंगमांनी मंत्र म्हटले. सगळे हात जोडून उभे होते आणि मी तुझ्या तोंडाकडं टक लावून बघत होतो, कुठं कबुली दिसते का म्हणून. कोण किती रडतंय, तुझ्या गावाकडचा, जयसिंगपूरचा कोणता पाहुणा माझी नजर चुकवतोय, तेही बघून घेतलं. मूठभर माती टाकताना माझ्या मनात एकच वाक्य होतं, शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. मेलेल्या माणसावर संशय घ्यायची लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही. आज वाटते, म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या फोटोग्राफीच्या क्लबवाल्यांनी सांगितलं, तुझ्यावर चार शब्द लिही. जन्म कधी, बक्षिसं किती, मागं कोण कोण आहे, ते कुणीतरी लिहील. मला ते जमणार नाही.

तू माझ्या लग्नाचा फोटोग्राफर. अल्बम आला तेव्हा त्यात नवरा-नवरी कमी आणि मांडवाच्या कडेनं गळणारं पाणी जास्त. सासरे बसलेत, मागं पाणी. मंगलाष्टकं चाललीत, कॅमेरा पन्हाळीकडं. मी भांडायलाच आलो होतो स्टुडिओत. तू शांतपणे म्हणालास, "नवरा काय, रोज दिसतोय. असलं पाणी परत पडंल का?" मी म्हटलं, माझ्या आईचा एकही धड फोटो नाही. तू ड्रॉवरमधून एक काढून दिलास. आई मांडवाबाहेर हात पुढं करून त्याच पाण्यात हात धूत होती. तो अजून माझ्या भिंतीवर आहे. त्या दिवशी भांडण तिथंच राहिलं आणि पुढच्या रविवारी मी तुझ्या गाडीवर मागं बसून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. वीस-बावीस वर्षं झाली त्याला.

पावसाळ्यात धबधबे, थंडीत कोकणातले खडक. लोकांना वाटायचं, चैन आहे. जळवा चढू नयेत म्हणून मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायचं, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, काचेवर वाफ धरली की बनियननं पुसायचं. तुझ्या बॅगेत लेन्सपेक्षा जयसिंगपूरच्या भडंगाच्या पुड्या जास्त. एकदा तुझ्या सेन्सरवर डाग दिसला म्हणून तू कंपनीवर बोंब मारलीस आणि उघडून बघितलं तर मोहरी. मी तेव्हाच म्हटलं होतं, भडंगाची असणार.

आपली एक पद्धत होती. एकानं फोटो काढायचा आणि दुसऱ्यानं त्याची कॉलर धरायची. फोटो काढणाऱ्याचा डोळा त्या इवल्याशा भोकात असतो, त्याला पाण्याचं काही कळत नाही. म्हणून दुसऱ्यानं कॅमेरा खाली ठेवायचा, कॉलर मुठीत घ्यायची आणि फक्त वरचं पाणी बघायचं. पाण्याचा रंग गढूळ झाला, आवाज बदलला, एखादी फांदी वाहत आली की ओढायचं. का ओढलंस म्हणून विचारायचं नाही. मी कुणाकडून फुकटची ओढाताण सहन करून घेणारा माणूस नाही, पण तू ओढलंस की मी मुकाट मागं यायचो.

देवगडकडच्या खडकांवर तू मला ओढलंस ते मी कधी नीट बोललो नाही. ओहोटी होती, मी काळी काच लावून तीस सेकंदांचा फोटो घेत होतो, मोजत होतो, एकवीस, बावीस. तू ओरडलास आणि मी ट्रायपॉडसकट हवेत. गुडघा कालवांवर आपटून सोलला. वळून बघतो तर मी उभा होतो तिथं कमरेएवढी लाट आणि मागच्या दगडावर तू ठेवलेला तुझा कॅमेरा नाही. दोन हातांनी मला धरायचं म्हटल्यावर कॅमेऱ्याला हात उरला नव्हता. मी काय म्हणालो आठवतं? "खाली ठेवायचाच कशाला?" तू समुद्राकडं बघत म्हणालास, "गेला की. तू हाईस न्हवं?" त्याच्या बदल्यात मी तुला परतीच्या वाटेवर शेवाळावर वस्तू न ठेवण्याबद्दल तासभर ऐकवलं. आभार मानले नाहीत. ते आता मानतो. तू मला जिवंत ठेवलंस, बसू. मी मात्र तुझ्यावर असा उलटलो.

आपला एक वाद मिटायचा राहिला. मला पाणी लांबवून घ्यायला आवडायचं, धुक्यासारखं मऊ. तू म्हणायचास, "हे पाणी न्हाई इन्स्पेक्टर, हा दुधाचा टँकर उलटलाय." तुला प्रत्येक थेंब वेगळा पाहिजे. आणि फ्रेममध्ये माणूस पाहिजे. मी माणूस दिसला की वाट बघत बसायचो, तो जाईपर्यंत. तू उलट एखाद्या म्हसरामागच्या बाईला विनवून उभी करायचास. "माणूस न्हाई तर उंची कशी कळणार लेका?" माझं म्हणणं, उंची कळायची काय गरज आहे. मला निसर्गात माणूस आला की शंका येते, आता हा काहीतरी टाकणार, लिहिणार, फोडणार. या वादात माझंच बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण आता तू नसताना ते बरोबर असून उपयोग नाही.

अक्का आपल्याला अशा एका म्हसरांच्या वाटेनंच सापडली. कुठं ते आजही लिहीत नाही, सवय. रस्ता सोडून दोन तास चाललो होतो, समोर नुसतं धुकं, आणि धुक्यापलीकडून आवाज. तू थांबलास, कान दिलास. "ऐक. आमची अक्का बोलालीया." तुझी थोरली बहीण जयसिंगपूरला घरात बोलली की कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जातं, हे मी स्वतः अनुभवलंय. धुकं हटलं तेव्हा धबधबा दिसला, पण आपल्यासाठी ती तेव्हापासून अक्काच. दोन टप्प्यांत पडणारी, मधे पुढं झुकलेला काळा कातळ, त्याच्या मागं माणूस बसेल एवढी कोरडी जागा. आपण दोघांनी पहिला अर्धा तास एकही फोटो काढला नाही.

मग ट्रायपॉडवर हात ठेवून शपथ घेतली. फोटो दाखवायचा, जागा सांगायची नाही. बायकोला नाही, क्लबला नाही, कुणालाच नाही. फोटोत तो झुकलेला कातळ येऊ द्यायचा नाही, म्हणजे ओळखू येणार नाही. शपथ मीच सुचवली. तू म्हणालास, "एवढं काय? दगूड हाय, पाणी हाय. बघू दे की लोकांनी." मी म्हटलं, बघणार नाहीत, बसणार आहेत. मग तूही हात ठेवलास. पण ती कुरकुर मी लक्षात ठेवली होती आणि पुढं तुझ्याविरुद्ध वापरली.

अकरा वर्षं अक्का आपली राहिली. मग कंपनीतल्या एकाच्या मुलीचं लग्न निघालं, जयसिंगपूरला. हॉलच्या दारात सहा फुटी फ्लेक्स होता, नवरा-नवरीचं प्री-वेडिंग. नवरीचा लाल घागरा पाण्यात सोडलेला, नवरा गुडघ्यावर. आणि त्यांच्या मागं, स्वच्छ, पूर्ण, झुकलेल्या कातळासकट, अक्का. मला कुणीतरी अक्षता दिल्या, त्या हातातच राहिल्या. पुढच्या रविवारी जाऊन बघितलं तर वाटेवर सात गाड्या, एक कणसंवाला, पाण्याजवळ लावलेला स्पीकर. कातळावर ऑइलपेंटनं कुणाचं तरी नाव आणि बदाम. मी तिथं चिप्सची पाकिटं गोळा करत बसलो आणि मला रडू आलं, हे तुला कधी सांगितलं नाही.

तिथून थेट तुझ्याकडं आलो. तू कोट घालून कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाला होतास.

"जागा कुणी सांगितली?"

"मी न्हाई."

"मग कुणी?"

"मला काय ठावं? बघूया की शोधून."

"शोधायचं काय त्यात? गाव तुझं, तिथले फोटोवाले तुझ्या ओळखीतले, धंदा तुझा. पहिल्यापासून तुझा जीव नव्हताच त्या शपथेत."

तू कोटाचं बटण लावायचं थांबलास. "तुझं ठरलंय न्हवं? मग मला कशाला विचारालाईस?"

बस, एवढंच. माझ्या मते निर्दोष माणूस ओरडतो, शपथा घेतो, पुरावा माग म्हणतो. तू बॅग उचललीस आणि निघालास. मी तिथंच उभं राहून क्लबच्या ग्रुपवर लिहिलं, तुझ्या नावानिशी, की बसवराजनं धंद्यासाठी जागा विकली, असल्या माणसाला क्लबनं ट्रेकला नेऊ नये. दीडशे लोकांनी वाचलं. तू एक अक्षर उत्तर दिलं नाहीस. मी तेही तुझ्या विरुद्ध धरलं.

आमच्या खात्यात कच्चा इन्स्पेक्टरसुद्धा असं करत नाही. भोक दिसलं की ते साच्यातून आलं की ओतताना आलं, हे शोधल्याशिवाय कुणाच्या नावावर टाकायचं नाही. त्या लग्नाचा फोटोग्राफर कोण, त्याला जाऊन विचारावं, एवढंही मी केलं नाही. मला उत्तर माहीत होतं ना.

त्यानंतर तू मला एकदाच दिसलास, पेट्रोल पंपावर. तू हात वर केलास. मी वाकून टायर बघत राहिलो, हवा पूर्ण भरलेली असताना. आणि एक कबूल करतो. या दोन पावसाळ्यांत मी एकटा फिरलो आणि लोकांना सांगत सुटलो की आता माझे फोटो जास्त चांगले येतात. कॉलर धरायला कुणी नव्हतं म्हणून पाण्यापासून वीस फूट लांब उभं राहून काढलेले फोटो ते. तुला दाखवले असते तर एका मिनिटात ओळखलं असतंस.

तू गेल्यावर सातव्या दिवशी सुवर्णावहिनींचा निरोप आला. स्टुडिओचा गाळा रिकामा करायचाय, तुमचं काही असलं तर बघून न्या. मी लगेच गेलो. वस्तूंसाठी नाही. मला तुझा कॉम्प्युटर बघायचा होता. त्या प्री-वेडिंगची एखादी फाईल, एखादी चिठ्ठी, त्या पार्टीचा एखादा फोन नंबर, काहीतरी सापडेल आणि माझं बरोबर होतं हे एकदाचं सिद्ध होईल. वहिनींनी चहा आणून दिला आणि वर घरात गेल्या. मी तुझ्या खुर्चीत बसून तीन तास तुझं सगळं उचकटलं. लग्नं, बारशी, मुंजी, सगळीकडं पाणी. न्हाणीतलं पाणी, तांब्यातलं पाणी, नवरीच्या पायावर पडणारं पाणी. ते लग्न मात्र नव्हतं. मी म्हटलं, पुसून टाकलंस. पक्का आहेस.

तेवढ्यात जयसिंगपूरचा रावसाहेब आला, फोटोग्राफर. तुझ्याकडून कधीतरी नेलेला लाईटचा स्टँड परत द्यायला. मी ओळखला नाही त्याला, त्यानं मला ओळखलं. स्टँड कोपऱ्यात उभा केला आणि अवघडून उभा राहिला.

"तुम्हीच न्हवं, इन्स्पेक्टर?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"अण्णा लई बोलायचं तुमच्याबद्दल." मग म्हणाला, "त्यो लाल घागऱ्याचा फोटो माझा. मीच काढलाय."

मी उठून उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वी जो प्रश्न तुझ्या तोंडावर फेकला होता तो त्याला विचारला. जागा कुणी सांगितली?

"कुणी न्हाई सांगितली. फाईलमदीच हुती की." त्यानं खिशातून मोबाईल काढला. "मी बी हाय की क्लबच्या ग्रुपवर. तुम्ही तितं प्रदर्शनासाठी फोटो धाडलता बघा, पांढऱ्या पाण्याचा. साधा धाडला असता तर काय बी दिसलं नसतं. तुम्ही डॉक्युमेंट करून धाडलता. त्यात सगळं तसंच ऱ्हातंय. कुठला कॅमेरा, कुठली लेन्स. खाली नकाशा, त्यात टाचणी मारल्याली. मला वाटलं, दाखवायलाच दिलंय. मला काय ठावं तुमचा करार?"

मी फाईल उघडली. टाचणी होती. नवा कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदारानं तो माझ्या मोबाईलला जोडून दिला होता आणि त्या दिवसापासून तो प्रत्येक फोटोत जागा लिहून ठेवत होता. झुकलेला कातळ कापून टाकायला मी अर्धा तास घालवला होता. तो कातळ फ्रेममधून गेला, पण पत्ता तसाच राहिला. साधा फोटो पाठवला की दाबला जातो, पाण्याचे बारकावे मरतात, म्हणून मी तो डॉक्युमेंट करून पाठवायचो. तू चिडवायचास, "फोटू धाडालाईस का सातबारा?" बाकी कुणी असता तर नुसता फोटो पाठवून मोकळा झाला असता. ही चूक करायला माझ्याइतका चिकित्सक माणूस लागतो.

"बसूला हे सांगितलंस?" मी विचारलं.

"तवाच की. तुम्ही ग्रुपवर लिवल्यावर चार दिसांनी आलतो हितंच. म्हटलं, अण्णा, मी खरं काय ते लिवतो. अण्णा म्हटलं, नको. त्याला कळलं की त्यानंच फोडली, तर त्यो कॅमेरा पेटीत घालून ठेवील. परत पाण्याकडं बघायचा न्हाई. ऱ्हाऊ दे माझ्यावर. मला काय, लोकं लग्नाला बोलवायची थांबत्यात व्हय?"

रावसाहेब गेला. मी तुझ्या खुर्चीत बसून राहिलो. बसू, तुला खोटं वाटेल, पण माझा संशय तरी गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली. हे तू माझ्यावरच्या मायेनं केलंस, की हट्टानं? इन्स्पेक्टरला कळेल त्याचं त्याला, तोपर्यंत हिंडू दे तोऱ्यात, असं तर नव्हतं तुझ्या मनात? पंपावर हात वर केलास तेव्हा तुला हसू येत होतं का? मला राग आला तुझा. एवढं मोठं गुपित दोन वर्षं पोटात ठेवून माझ्याशी न बोलता राहायचा हक्क तुला कुणी दिला? मी कॅमेरा पेटीत घातला असता, हे खरं आहे. घालू द्यायचा होतास. चार महिने तोंड लपवून बसलो असतो, मग तुझ्याच दारात आलो असतो. आपल्याला दोन पावसाळे मिळाले असते. त्याऐवजी तू माझी फोटोग्राफी वाचवलीस आणि मला तुझ्याशिवाय ठेवलंस. हा हिशेब मला मान्य नाही. आता भांडायला तू नाहीस आणि माफी मागायलाही नाहीस.

जिना चढून वर गेलो. वहिनी तुझे शर्ट घड्या करून पिशवीत भरत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रावसाहेब, फाईल, टाचणी. म्हटलं, वहिनी, तो दोषी नव्हता. मी होतो.

त्या हातातली घडी घालायच्या थांबल्या. "असं कसं? ते तर मला म्हटलं हुतं, व्हय, मीच सांगितली जागा."

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही ग्रुपवर लिवलं त्याच आठवड्यात. मी तुमच्या दारात भांडायला निघालतो, भावजी. चप्पल पायात घातलती. ह्यांनी हात धरला, म्हटलं, बस खाली, त्याचं बरोबर हाय, मीच सांगितलीया. मग मी कुठल्या तोंडानं जाणार?" त्या शर्टाकडं बघत होत्या. "तवापासनं मी ह्यांना लई बोललो. आमटीत मीठ कमी हाय म्हटलं तरी म्हणायचो, तुमचं काय खरं मानायचं? गेलं त्या दिवशी सकाळी पण म्हटलो. छातीत दुखालंय म्हटलं, तर मी म्हटलो, तुमचं खरं किती आणि खोटं किती."

मी शिव्यांची वाट बघत होतो. दोन तडाखे दिले असते तरी चाललं असतं. त्यांनी शर्ट पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "लिवा. जितं लिवलतं तितंच लिवा. माझ्यासमोर."

मी लिहिलं, 'तांत्रिक त्रुटीमुळे सदर स्थळ उघड झाले होते, त्यात कै. बसवराज यांचा दोष नव्हता.' वहिनींनी मोबाईल हातात घेऊन वाचलं.

"कुणाच्या त्रुटीमुळं?"

मी माझं नाव घातलं. पाठवलं. खाली कुणाकुणाचे अंगठे उमटायला लागले, कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

"ह्यांना गेलं का?" वहिनींनी विचारलं.

नव्हतं गेलं. त्या दिवशी ग्रुपवर तुझ्याबद्दल लिहिल्याबरोबर ॲडमिन या नात्यानं मी तुला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. उत्तर द्यायची सोयच ठेवली नव्हती मी तुला, आणि तू गप्प बसलास म्हणून तुला दोषी धरत होतो. हे मी वहिनींना सांगितलं.

त्या उठल्या, कपाटातून तुझा मोबाईल आणला. चार्ज केलेला होता. रोज करत असणार. "घ्या त्यांना परत."

मी तुझं नाव शोधलं आणि दाबलं. त्यांच्या हातात तुझा मोबाईल वाजला. त्यांनी उघडून बघितलं, वर-खाली केलं. "हितं आत्ताचं काय बी दिसंना."

मी सांगितलं की मागाहून आलेल्याला आधीचं दिसत नाही.

"मग परत लिवा की."

या वेळी मला त्रुटी वगैरे काही सुचलं नाही. मी लिहिलं, 'बसू, अक्काची जागा मी फोडली. तू नाही. माझं चुकलं.' तुझा मोबाईल पुन्हा वाजला. वहिनी चष्मा लावून खिडकीपाशी गेल्या आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. सगळं वाचून झाल्यावर मोबाईल दोन्ही हातांत धरून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"आता तुम्ही जावा, भावजी," त्या म्हणाल्या. "मला ह्यांच्याशी बोलायचं हाय."